भावासाठी व्यसनमुक्ती केंद्र शोधतेय : 'फक्त पुरुषांसाठी' असण्याने खरंच फरक पडतो का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, ३९ चा. कुपवाड एमआयडीसीत स्वतःची दोन लेथ मशीनं. एकेकाळी पुण्याच्या पार्ट्या जॉब घेऊन त्याच्याकडे यायच्या, इतका हात साफ. आता सकाळी नऊला एक नव्वद पोटात गेल्याशिवाय त्याला मायक्रोमीटर धरता येत नाही. अंगठा आणि बोट थरथरतात, रीडिंगच लागत नाही. एक मशीन गेल्या दिवाळीत विकलं.

एकदा खाजगी दवाखान्यात दहा दिवस ठेवून 'डिटॉक्स' केलं. घरी आला, दीड महिना छान गेला, मग मेव्हण्याच्या मुलाच्या बारशात घसरला. आता तो स्वतःच 'केंद्रात जातो' म्हणतोय. दोन ठिकाणं बघितली. एक फक्त पुरुषांचं, महिनाभराहून जास्त मुक्काम. दुसरं जरा महागडं, तिथे स्त्रिया आणि पुरुषांची राहायची सोय वेगळी, पण गटचर्चा, योगासनं, जेवण सगळं एकत्र. मला दुसरं बरं वाटलं. मोकळं, उजेडाचं. भाऊ म्हणतो, "बायकांसमोर मी तोंड उघडणार नाही, आधीच सांगतो." वहिनी म्हणते, "हा अजून अटी घालतोय म्हणजे याला सुधारायचंच नाही."

तर प्रश्न असा : फक्त पुरुषांचं केंद्र असण्याला काही खरा आधार आहे, की आपल्याकडे सगळं तसंच चालत आलंय म्हणून आहे? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

बंड्या_नाना

आपल्याकडे दारूचं दुकान, परमिट रूम, गुत्ता, सगळंच गेली शंभर वर्षं 'फक्त पुरुषांसाठी' आहे. मग केंद्र तरी वेगळं का असावं? परंपरा जपली पाहिजे. (हलकेच घ्या.)

पावणेआठची_लोकल

ताई, आधी एक गोष्ट. भाऊ स्वतःहून 'जातो' म्हणतोय ना? मग कुठलं केंद्र यावर महिना घालवू नका. ही खिडकी फार वेळ उघडी राहत नाही.

आता माझं. येत्या ऑगस्टमध्ये मला दारू सोडून अकरा वर्षं होतील, एकावेळी एक दिवस करत. ठाण्यात राहतो, तेव्हा बँकेत होतो. मी दोन्ही केलंय. आधी एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची संघटना) मिटिंगा, घराजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये. तिथे बायकाही यायच्या. समोर माझ्या आईच्या वयाच्या एक बाई बसायच्या, दारू सोडून वीस वर्षं झालेल्या. त्यांच्यासमोर मी चार महिने शेअरिंग केलं आणि चार महिने खोटं बोललो. म्हणजे दारू किती प्यायचो ते खरं सांगायचो. त्यात काय, आकडा मोठा असला तर उलट मान मिळतो. पण दोन गोष्टी जिभेवर यायच्या नाहीत. एक, मी बायकोवर संशय घ्यायचो. ती भाजी आणायला गेली तरी घड्याळ लावून बसायचो. आणि दुसरी, तो संशय कुठून यायचा ते. दारूने माझ्यातला नवरा संपला होता. कळलं असेलच. मोकळं लिहितोय, माफ करा.

चार महिन्यांनी स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यालो. मग ३५ दिवस पुरुषांच्या वॉर्डात. तिथे नवव्या की दहाव्या दिवशी एक ट्रक ड्रायव्हर उभा राहिला. दांडगा गडी, मिशा कानापर्यंत. म्हणाला, "माझ्या बायकोचं कुणाशी काही नव्हतं. माझ्यानंच काही होत नव्हतं." आणि खाली बसला. बावीस जण होतो. कुणी हसलं नाही. त्या रात्री निदान सहाजण तरी झोपले नसतील, मी त्यातला एक. दुसऱ्या दिवशी मी बोललो.

तुमचा भाऊ अट घालतोय असं वहिनींना वाटतं. मला तर वाटतं, त्याच्याकडे सांगायला काहीतरी आहे.

पारिजातक

लोकलदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या नवऱ्याचा संशय सात वर्षं सोसला मी. दारू सुटल्यावर दीडेक वर्षाने तो आपोआप गेला. का गेला हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आज कळलं.

मालवणी_तडका

मी जरा उलट सूर लावतो.

वीस पुरुष एका खोलीत कोंडले की काय होतं ते मी बघितलंय. मामेभावाला ज्या 'पुरुषांच्या' केंद्रात टाकलं होतं (नाव आणि गाव सांगत नाही), तिथे जुने पेशंट 'सिनियर' म्हणून नव्यांच्या अंगावर सोडलेले. संडास घासायला लावायचे, उलट बोलला की कानाखाली. एकाला पायात साखळी घालून खाटेला बांधला होता, तेही दोन रात्री. समुपदेशन म्हणजे सकाळी एक माणूस यायचा आणि 'तुम्ही घरादाराला कलंक आहात' या विषयावर तासभर बोलायचा. भेटायला गेलो तर म्हणाले, "पंधरा दिवस भेट नाही, पुरुष आहे, टणक होऊ दे." मामेभाऊ तीन महिन्यांनी बाहेर आला, स्टँडवरच प्याला आणि मग घरी आला.

त्यामुळे पुरुषांचं केंद्र ऐकलं की माझ्या डोळ्यासमोर आधी तुरुंग येतो. बायका आसपास असल्या की माणसं निदान तोंड सांभाळून तरी बोलतात.

बंड्या_नाना

@तडका, म्हणजे बायकांनी तिथेही आपल्यालाच सुधारायचं? त्यांना पगार तरी मिळणार आहे का?

रानजाई

धागा वाचून लॉगिन केलं. मी नाशिककडच्या एका पुरुषांच्या केंद्रात बारा वर्षं सामाजिक कार्यकर्ती आहे. हो, पुरुषांच्या केंद्रात, आणि मी बाई आहे. पहिले आठ दिवस मला 'मॅडम' म्हणतात, मग कधीतरी 'ताई' होते. 'ताई' झाली की कामाला सुरुवात.

मालवणी_तडका, तुम्ही सांगितलंत ते खरं आहे आणि ते गुन्हा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि ड्रग्जच्या व्यसनालाही लागू होतो. त्यात साखळीने बांधायला सरळ मनाई आहे. केंद्राची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे असावी लागते. कृष्णाकाठताई, दाराशीच नोंदणीचा कागद मागा. दाखवायला कांकूं केली तर चप्पल घाला आणि निघा. आणखी एक. भाऊ स्वतःहून दाखल होतोय, म्हणजे 'मला जायचंय' म्हणायचा हक्कही त्याला आहे. तो हक्क नाकारणारं केंद्र, मग ते एकत्र असो की वेगळं, नको.

आता मूळ प्रश्न. स्त्रियांसाठी वेगळं केंद्र असावं याला आधार जास्त भक्कम आहे. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढीच दारू तिला जास्त चढते, आणि पहिल्या पेल्यापासून व्यसनापर्यंतचा रस्ता ती पुरुषापेक्षा लवकर संपवते. त्यातल्या बऱ्याच जणींवर घरात अत्याचार झालेले असतात. त्यांना पुरुषांच्या गटात बसवणं म्हणजे जखमेवर मीठ. बहुतेक संशोधनही स्त्रियांच्याच बाजूने झालंय. पुरुषांच्या वेगळ्या केंद्राने दारू जास्त सुटते असं छातीठोक मी सांगणार नाही.

पण लोकलदादांनी लिहिलं ते रोज बघते. संशय, नपुंसकत्वाची भीती, बापाने पट्ट्याने मारलेलं, लहानपणी कुणीतरी मोठ्या माणसाने केलेलं भलतंच काहीतरी. हे शेवटचं तर मी खोलीत असले तरी बोलत नाहीत. त्यासाठी आमचा एक पुरुष समुपदेशक आहे, स्वतः पंधरा वर्षं सोबर. त्या तासाला मी बाहेर जाऊन कांदे चिरते, खरंच. स्वयंपाकघर शेजारीच आहे.

अबोली

मी काय म्हणते, पुरुषांचं केंद्र असावं की नसावं हा प्रश्न पडायलासुद्धा नशीब लागतं.

मी पाच वर्षं सोबर आहे. माझी दारू कपाटात, शांपूच्या बाटलीत. नवऱ्याला कळलं तेव्हा आम्ही केंद्रं शोधायला लागलो, तर जिथे फोन केला तिथे 'लेडीज घेत नाही'. एकाने विचारलं, "पेशंट कोण? मिस्टर का?" शेवटी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या 'निशिगंध' विभागात स्त्रियांसाठी सोय आहे असं कळलं. तोवर आठ महिने गेले होते. पुरुषांचं व्यसन म्हणजे 'आजार', बाईचं म्हणजे 'वाईट चाल'.

म्हणून भावाची 'बायकांसमोर बोलणार नाही' ही अट वाचून आधी चिडले. मग आठवलं, मी पण पुरुषांसमोर बोलले नव्हते.

रानजाई

@अबोली, खरं आहे. २०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचं देशव्यापी सर्वेक्षण आलं, एम्सने केलेलं. १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के, स्त्रिया १.६ टक्के. या आकड्यावर बोट ठेवूनच सगळी केंद्रं पुरुषांची होतात. पण त्याच सर्वेक्षणात असंही आहे की दारूचं व्यसन जडलेल्या ३८ माणसांमागे एकाला काहीतरी उपचार मिळतो. एक! म्हणजे पुरुषांचीही सोय झालीय असं नाही.

चंद्रपूरचा_भाऊ

केंद्र-बिंद्र नंतर. दारूच बंद करा ना. आमच्याकडे २०१५ ला बंद केली, २०२१ ला पुन्हा चालू. मधल्या काळात काय झालं विचारा. शेजारच्या जिल्ह्यातून दुधाच्या कॅनमधून यायची.

फौजी_अण्णा

गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. बायकांनी लढून मिळवलेली असेल तर ती टिकते थोडीफार. आमच्या तालुक्यात आडवी बाटलीचं मतदान झालं होतं, पन्नास टक्क्यांच्या वर बायकांनी आडवी बाटली केली, दुकान बंद. पुरुष तोंड पाडून चार किलोमीटर चालत शेजारच्या गावी जायला लागले. एकाचं तर वजन उतरलं.

बंड्या_नाना

@फौजी अण्णा, हीच ती पुरुषांसाठीची व्यायामशाळा.

फौजी_अण्णा

हसा. मी स्वतः कँटीनच्या कोट्यातला. रिटायर झालो आणि कळलं की मला दारू नको होती, रोज संध्याकाळी सातला आठ माणसं हवी होती. ती माणसं गेली, बाटली राहिली. कृष्णाकाठ, भावाचे मित्र कोण आहेत ते बघा. दारू सुटली की पुरुषाच्या हातात संध्याकाळ रिकामी राहते. बायका चार घरी बोलतात, आम्हाला बसायला ग्लास लागतो.

चहाबाज

अवांतर : केंद्रात चहा कसा असतो? माझा काका सहा महिन्यांत चार किलो वाढून आला, म्हणे दारू सुटल्यावर गोडाची तलफ येते.

पावणेआठची_लोकल

@चहाबाज, येते, फार येते. आमच्या वॉर्डात गुळाच्या खड्यावरून भांडणं झालीत. चहा मात्र आठवतो तो वेगळ्याच कारणाने. पहिल्या दिवशी चहा आला, कप अर्धाच भरलेला. मला वाटलं कंजूषपणा. मग उचलला. दोन्ही हातांनी धरूनसुद्धा शर्टावर सांडला. पुरा भरला असता तर भाजलो असतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने काही न बोलता आपला रुमाल टाकला माझ्याकडे. सातव्या दिवशी वाढणाऱ्या मावशींनी माझा कप काठोकाठ भरला. प्रमाणपत्र वगैरे सोडा हो.

माधुरी_पी

मला कुणीतरी सांगा, त्या 'दारुड्याच्या नकळत देता येणारं औषध' अशा पाट्या असतात बसच्या मागे, ते खरं असतं का? काकांसाठी मागवायचा विचार चाललाय घरात.

रानजाई

माधुरीताई, अजिबात नको!! त्यात काय असतं कुणाला माहीत नाही. कधीकधी डायसल्फिराम नावाचं औषध असतं. ते पोटात असताना दारू प्यायलं की चेहरा लाल, उलट्या, धाप, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेला माणूस मरू शकतो. हेच औषध डॉक्टर देतात, पण माणसाला समजावून, त्याच्या संमतीने. वरणात कालवून नाही. 'आज गोळी घेतली, म्हणजे आज प्यायचं नाही' हा निर्णय त्याने सकाळी स्वतः घ्यायचा असतो. तिथे गोळीपेक्षा तो निर्णय काम करतो.

आणि सगळ्यांसाठी : रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू घरी अचानक तोडू नका. शेवटच्या पेगनंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलतो. तो वेडेपणा नाही आणि भूतही नाही. जीवघेणा आजार आहे. केंद्र निवडताना विचारा : पहिल्या आठवड्यात रात्री डॉक्टर कोण? बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देता का? उत्तर आलं नाही तर आधी दवाखाना, मग केंद्र.

न्यू_जर्सीकर

इकडचं सांगतो. उपचार केंद्रं दोन्ही प्रकारची आहेत. पण केंद्रातून सुटल्यावर राहायची जी घरं असतात ती बहुतेक पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. त्यात एक ऑक्सफर्ड हाउस म्हणून प्रकार आहे, १९७५ साली मेरीलँडमध्ये सुरू झालेला. सरकारी घर बंद होणार म्हटल्यावर तिथल्या पुरुषांनी ते स्वतःच भाड्याने घेतलं. वॉर्डन नाही, मॅनेजर नाही. भाडं सगळ्यांनी मिळून, पदाधिकारी मतदानाने, आणि कुणी प्याला तर घराबाहेर. आमच्या गल्लीत असं एक आहे. हिवाळ्यात सगळ्या रस्त्याचा बर्फ तेच आधी काढतात. इकडचे मराठी लोक त्या घरासमोरून जाताना मुलांचा हात धरतात, हेही सांगून टाकतो.

मालवणी_तडका

@न्यू_जर्सीकर, हे आवडलं. आपल्याकडे पुरुष केंद्रातून बाहेर येतो तो थेट आईच्या हातच्या भाकरीवर. भांडी घासायची वेळच येत नाही.

रानजाईताई, तुमचा मुद्दा मान्य. माझा राग 'पुरुष' या शब्दावर नव्हता, 'टणक' या शब्दावर होता.

पारिजातक

माझंही थोडं. नवरा पुरुषांच्या केंद्रात होता म्हणून आम्हा बायकांना वगळलं होतं असं नाही. आम्हाला दर आठवड्याला बोलवायचे. वेगळा गट, नुसत्या बायकांचा. पहिल्या दिवशी मी ठरवून गेले होते की नवऱ्याच्या तक्रारी सांगायच्या. समोर बसलेल्या ताईंनी विचारलं, "तुम्ही शेवटचं पोटभर कधी झोपलात?" मला उत्तर देता येईना. रडूच आलं.

तो तिकडे पुरुषांत बोलला, मी इकडे बायकांत. एकमेकांशी बोललो ते बऱ्याच नंतर. आधी एकत्र बसवलं असतं तर भांडणच झालं असतं. त्यामुळे कृष्णाकाठ, केंद्र एकत्र की वेगळं यापेक्षा वहिनींना कुठे जागा आहे ते बघाच.

पावणेआठची_लोकल

पारिजातकताईंना दुजोरा. एएमधला एक किस्सा आठवला. एए १९३५ साली अमेरिकेत दोन पुरुषांपासून सुरू झाली, बिल आणि डॉक्टर बॉब. त्यांचं मूळ पुस्तक १९३९ चं. त्यात दारुड्यांच्या बायकांसाठी एक प्रकरण आहे, बायकोच बोलतेय अशा सुरात. लिहिलं मात्र बिलने. त्याच्या बायकोला, लोइसला, ते लिहायचं होतं, त्याने लिहू दिलं नाही. तिला ते लागलं. पुढे १९५१ साली तिने घरच्यांसाठी वेगळी संघटना काढली, अल-अनॉन. तीही आपल्याकडे चालते.

अबोली

हाहा! बायकोच्या मनातलं नवऱ्याने लिहायचं. दारू सुटली तरी हे सुटलं नाही.

आणि आता गंमत बघा. मुक्तांगण १९८६ ला येरवड्यात सुरू झालं ते डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीवर. वॉर्डात राबल्या त्या अनिताताई, आज सांभाळतात त्या त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर. शेकडो पुरुष 'पुरुषांच्या वॉर्डात' सुधारले, पण किल्ल्या बाईच्या हातात होत्या.

बंड्या_नाना

घरोघरी हेच चालतं अबोलीताई, आम्ही फक्त दारावर पाटी आमच्या नावाची लावतो.

संपादक_मंडळ

केंद्रांची नावं घेऊन आरोप करणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. अनुभव लिहा, नावं नकोत. जाहिरातीचे प्रतिसादही उडवले आहेत ('७ दिवसांत खात्रीशीर' वगैरे). कृपया मूळ विषयावर या.

देशी_संत्रा

सगळे ज्ञान देताहेत म्हणून विचारतो. मी रोज दोन पेग घेतो, नोकरी नीट आहे, घरी भांडण नाही. मलाही वॉर्डात टाकणार का?

रानजाई

टाकणार कोण? तुम्ही स्वतःच एक करून बघा. एकवीस दिवस सोडा. न चिडता, न मोजता जमलं तर उत्तम. चौथ्या दिवशी 'हे सगळं थोतांड आहे' असं वाटायला लागलं तर इथे परत या. मात्र आधी सांगितलं ते लक्षात ठेवा : सकाळी हात थरथरत असतील तर हा प्रयोग घरी करायचा नाही, डॉक्टरकडे जा.

देशी_संत्रा

हात नाही थरथरत. बघतो.

कृष्णाकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत.

शेवटी पुरुषांच्याच केंद्रात टाकलं. रानजाईताईंनी सांगितलेले सगळे प्रश्न विचारले. नोंदणीचा कागद भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता, तरी मी फोटो काढून घेतला. पहिले पाच दिवस त्यांच्याच जोडीच्या दवाखान्यात, रात्री डॉक्टर होते. दुसऱ्या रात्री त्याला खोलीत आमचे वारलेले आजोबा दिसत होते म्हणे. फोनवर डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "होतं असं, आम्ही आहोत." घरी असतो तर आम्ही मांत्रिकाकडे नेलं असतं, खोटं कशाला बोलू.

सामान तपासताना त्याचं आफ्टरशेव्ह काढून घेतलं. मला कळेना का. तिथला माणूस म्हणाला, "ताई, यात पण असतं." सॅनिटायझरची बाटलीसुद्धा परत दिली.

वहिनी पहिल्या रविवारी आली नाही. दुसऱ्या रविवारी आली, भावाला भेटलीच नाही, बायकांच्या गटात बसली आणि परतताना गाडीत सांगलीपर्यंत झोपली. पारिजातक, मला तुमची आठवण झाली.

लोकलदादा, तो बोलला की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही. काल पाच मिनिटं फोन मिळाला. म्हणाला, चहा अगोड असतो, टॉवेल जाड पाठव, आणि मग एकदम, "मशीनला तेल घातलं का कुणी? पावसाळा आहे, बेड गंजेल."

आमच्या घरात कुणालाच लेथमधलं काही कळत नाही. इथे कुणाला माहीत आहे का, कुठलं तेल घालायचं?

पावणेआठची_लोकल

ताई, 🙏. बाकी काही लिहित नाही.

फौजी_अण्णा

मी ईएमईमध्ये (लष्कराची यंत्रदुरुस्ती शाखा) होतो, लेथवर हात घातलाय. आधी बेडवरचा कीस ब्रशने काढा, हाताने नको, कापतं. मग रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडं करा. मग ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल, हार्डवेअरवाल्याकडे मिळेल. पातळ थर, सगळीकडे. चकाला आणि टेलस्टॉकलाही. वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत दमट धरतं, जुनी सुती चादर टाका.

कृष्णाकाठ

चादर आहे. आज संध्याकाळी वहिनीबरोबर जाते, शेडची किल्ली तिच्याकडे आहे.

देशी_संत्रा

@रानजाई, चौथा दिवस. थोतांड आहे.